पोचपावती नसलेला निकाल: होस्कोट खटला, १९७८

वसईचा किल्ला, सोपाऱ्याचा स्तूप, आगाशीचं जुनं बंदर असल्या विषयांवर बोलणारा मी आज एकदम फौजदारी अपिलावर का घसरलो, असं वाटेल तुम्हाला. कारण साधं आहे. नालासोपाऱ्याहून एका श्रोत्याचा मेसेज आला. त्यांच्या नात्यातल्या एकाला शिक्षा लागून आठ महिने झालेत. अपील झालं नाही. आधी पैसे नव्हते, मग पहिल्या वकिलाने फोन उचलणं बंद केलं, आणि आता दुसरे वकील म्हणाले, मुदत तर केव्हाच गेली. प्रश्न एवढाच होता: 'दादा, इतिहासात असं कुणाचं झालंय का? गेलेली मुदत परत मिळते का?'

मी वकील नाही. बीटेक करून सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि विरार लोकलमध्ये जुने निकाल वाचतो. त्यामुळे सल्ला वकिलाकडूनच घ्या. पण 'इतिहासात कुणाचं झालंय का' याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते थेट पुण्याच्या येरवडा तुरुंगात जातं.

आधी घड्याळ समजून घेऊ. मुदत कायदा १९६३ चा. शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायचं असेल तर ६० दिवस, त्याखालच्या कोर्टात जायचं असेल तर ३०. म्हणजे वसईच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली तर सत्र न्यायालयात जायला ३० दिवस, आणि वसईच्या सत्र न्यायालयाने दिली तर मुंबई उच्च न्यायालयात जायला ६०. फाशीची शिक्षा असेल तर ३०च. हे कमी वाटत असेल तर १९०८ चा जुना कायदा बघा. त्यात फाशीच्या शिक्षेविरुद्ध अपिलाला ७ दिवस होते. सात! गावाकडून भाऊ येईपर्यंत मुदत संपायची. (फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय देता येत नाही, हा नियम तेव्हाही होता. नाहीतर काय झालं असतं, विचार नको.)

या घड्याळात दोन सवलती आहेत. एक, निकालाची नक्कल मिळवायला जे दिवस लागतात ते मोजायचे नाहीत. दुसरी, मुदत कायद्याचं कलम ५: उशिराला 'पुरेसं कारण' आहे अशी कोर्टाची खात्री पटली तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. किती उशीर, याला वरची मर्यादा लिहिलेली नाही. दहा दिवसही नामंजूर होऊ शकतात आणि दहा वर्षंही मंजूर होऊ शकतात. सगळं त्या 'पुरेसं' शब्दावर.

आता गोष्ट.

माधव हयवदनराव होस्कोट हे एमएससी, पीएचडी झालेले गृहस्थ. सौराष्ट्र विद्यापीठात रीडर, म्हणजे आजच्या भाषेत असोसिएट प्रोफेसर. त्यांच्यावरचा आरोप असा की, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या नावाचा उठावाचा शिक्का बनवून घेण्यासाठी ते मुंबईतल्या एका ब्लॉकमेकरकडे गेले. सोबत अधिकारपत्र होतं, त्यावर कुलगुरूंच्या स्वीय सहायकाची सही होती, आणि ती सही बनावट होती. शिक्का कशासाठी? खोट्या पदव्यांसाठी. मुंबईत खटला चालला. सत्र न्यायालयाने दोषी ठरवलं आणि शिक्षा दिली ती कोर्ट उठेपर्यंतची साधी कैद आणि दंड. म्हणजे संध्याकाळपर्यंत कोर्टात बसायचं, दंड भरायचा, घरी जायचं.

इतक्या गंभीर कलमांखाली दोषी आणि शिक्षा ही? सरकारला ते पटलं नाही. सरकार शिक्षा वाढवून मागायला मुंबई उच्च न्यायालयात गेलं, होस्कोट आपण निर्दोष आहोत म्हणून गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं, सरकारचं मान्य केलं आणि शिक्षा तीन वर्षांवर नेली. एका दिवसाचे तीन वर्षं. होस्कोट तुरुंगात गेले.

इथून पुढे सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते. मुदत ९० दिवस. होस्कोट यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली ती १९७८ मध्ये. चार वर्षांहून जास्त उशीर. तोवर शिक्षा पूर्ण भोगून झालेली.

एवढा उशीर का, याचं त्यांनी दिलेलं कारण एका ओळीचं आहे: उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कलच मला १९७८ पर्यंत मिळाली नाही. आणि निकालाची नक्कल जोडल्याशिवाय वर जाणार कसं?

सर्वोच्च न्यायालयाने चौकशी केली. उच्च न्यायालयाचं म्हणणं, आम्ही नक्कल लगेच येरवडा मध्यवर्ती कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठवली होती, मोफत. अधीक्षकांचं म्हणणं, आमच्या लिपिकाने ती बंद्याला दिली होती, पण राज्यपालांकडे शिक्षेत सूट मागण्याचा जो दयेचा अर्ज जायचा होता, त्याला जोडायला म्हणून परत घेतली. होस्कोट यांचं म्हणणं, मला दिलीच नाही. कोर्टाने कागद मागवून पाहिले. नक्कल मिळाल्याची होस्कोट यांची सही कुठेही नव्हती.

मी हा भाग तीनदा वाचला. मी दिवसभर ज्या सिस्टिम्सवर काम करतो तिथला पहिला धडा हाच आहे. मेसेज पाठवला म्हणजे पोचला असं होत नाही. समोरून पोच आली की पोचला. पोच नाही तर पुन्हा पाठवा. आणि पाठवणाऱ्याकडे टाइमआउटचं घड्याळ असतं. येरवड्यात काय झालं? नक्कल पाठवल्याची नोंद आहे, पोच नाही, आणि घड्याळ मात्र पाठवणाऱ्याच्या नव्हे, ज्याला कागद मिळालाच नाही त्याच्या विरुद्ध चालू आहे. अशी सिस्टिम मी लिहिली तर पहिल्याच रिव्ह्यूमध्ये परत येईल.

लिपिकाने खरंच नक्कल दिली होती का? असेलही. अधीक्षक खोटं बोलत होते असं म्हणायला माझ्याकडे काही नाही, आणि कोर्टानेही तसं म्हटलेलं नाही. पण समजा दिली आणि परत घेतली. तरी अपील करायचं असलेल्या माणसाच्या हातात उरलं काय? दयेचा अर्ज म्हणजे 'मी गुन्हा केला, पण सोडा'. अपील म्हणजे 'मी केलेला नाही, तपासा'. पहिल्यासाठी दुसऱ्याचा कागद काढून घेतला, असा तो प्रकार.

कायद्यातलाही एक बारकावा सांगतो. १९७३ च्या नोव्हेंबरात १८९८ ची जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती. तिच्यात नक्कल आरोपीने अर्ज केल्यावर द्यायची होती. नवी संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली. तिच्या कलम ३६३ ने म्हटलं की कैदेची शिक्षा झाली की निकालानंतर लगेच, मागितली नसली तरी, मोफत नक्कल द्यायची. होस्कोट यांचा निकाल त्याच्या चार-पाच महिने आधीचा. (१ जुलै २०२४ पासून या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात हेच कलम ४०४ आहे.)

खंडपीठात न्या. कृष्ण अय्यर, न्या. डी. ए. देसाई आणि न्या. चिन्नप्पा रेड्डी. निकाल लिहिला कृष्ण अय्यर यांनी. हा माणूस कोण होता हे माहीत असल्याशिवाय निकालाची धार कळत नाही. १९४८ मध्ये, केरळात वकिली करत असताना, कम्युनिस्टांना कायदेशीर मदत करतात म्हणून त्यांना स्वतःला महिनाभर तुरुंगात ठेवलं होतं. १९५७ च्या नंबुद्रिपाद मंत्रिमंडळात ते मंत्री झाले, आणि त्यांच्याकडच्या खात्यांत तुरुंग होते. पुढे केंद्र सरकारने गरिबांना कायदेशीर मदत कशी द्यावी यावर समिती नेमली, अध्यक्ष हेच. त्या समितीचा अहवाल १९७३ चा, म्हणजे होस्कोट तुरुंगात गेले त्याच वर्षीचा. तुरुंग आतून पाहिलेला, बाहेरून चालवलेला, आणि आता वरून तपासणारा न्यायाधीश. असा योग पुन्हा येणं कठीण.

शिवाय काळ बघा. आणीबाणी उठून जवळपास दीड वर्ष झालेलं. जानेवारी १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की कलम २१ मधली 'कायद्याने ठरवलेली पद्धत' म्हणजे कुठलीही पद्धत नव्हे. ती न्याय्य आणि वाजवी हवी. होस्कोट निकाल १७ ऑगस्ट १९७८ चा. सात महिन्यांत ते तत्त्व तुरुंगाच्या कचेरीत उतरलं.

निकाल काय लागला? होस्कोट हरले. कोर्टाने प्रकरण गुणवत्तेवर पाहिलं, दोन्ही कोर्टांनी दोषी ठरवलं होतं त्यात ढवळाढवळ करण्यासारखं काही नाही म्हणून अनुमती नाकारली. उलट सत्र न्यायालयाने दिलेल्या त्या नाजूक शिक्षेवर कृष्ण अय्यर चांगलेच बरसले. सुशिक्षित गुन्हेगाराला असं कुरवाळणं हा अन्याय आहे, असा त्यांचा सूर होता.

पण तिथे ते थांबले नाहीत. त्यांचं म्हणणं साधारण असं: एखाद्याचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं तर किमान एक अपील हा न्याय्य पद्धतीचा भाग आहे. आणि अपिलाचा हक्क द्यायचा पण निकालाचा कागद द्यायचा नाही, वकील द्यायचा नाही, तर तो हक्क कागदावरही नाही. म्हणून आदेश दिले. कैदेची शिक्षा देणाऱ्या कोर्टाने निकालाची नक्कल लगेच आणि मोफत द्यावी. नक्कल तुरुंगामार्फत जाणार असेल तर अधिकाऱ्याने ती तातडीने बंद्याला द्यावी आणि त्याची लेखी पोच घ्यावी. बंद्याला अपील करायचं असेल तर तुरुंगाने सगळी सोय करावी. गरिबीमुळे किंवा कोणाशी संपर्कच होत नसल्यामुळे वकील करता येत नसेल, तर कोर्टाने वकील द्यावा आणि त्याची फी राज्याने भरावी. आणि हे सगळं तुरुंगाच्या नियमपुस्तिकेत घालावं.

लेखी पोच. दोन शब्द. मला या अख्ख्या निकालात हे दोन शब्द सगळ्यात मोठे वाटतात, कारण बाकी सगळं तत्त्व आहे आणि हे एक रजिस्टर आहे. आणि योगायोग असा की ज्याच्यावर बनावट सही चालवल्याचा आरोप सिद्ध झाला, त्याच्याच खटल्यातून देशभरच्या बंद्यांना खरी सही करण्याचा हक्क मिळाला.

बरं, आदेश आले म्हणून तुरुंग बदलले का? लगेच नाही. चारेक वर्षांनी पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं: मुंबईतल्या कोठड्यांत स्त्रियांना मारहाण होते, आणि बंद्यांना वकीलच मिळत नाही. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्या. भगवती यांना महाराष्ट्रासाठी पुन्हा सांगावं लागलं की अटक झाली की विधी मदत समितीला कळवा, तुरुंगात वकील पाठवा, याद्या ठेवा. त्या प्रकरणात परदेशी कैद्यांना एका वकिलानेच लुबाडल्याची तक्रारही होती. नालासोपाऱ्याच्या श्रोत्यांचा फोन न उचलणारा वकील निदान तेवढ्यावर तरी थांबला, म्हणायचं. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला १९८७ ला आणि लागू झाला १९९५ च्या ९ नोव्हेंबरला. आठ वर्षं. कायद्याला स्वतःला मुदत नसते.

आता दुसरी बाजू, कारण मला ती महत्त्वाची वाटते. मुदत असूच नये का? असावी. साक्षीदार म्हातारे होतात, कागद वाळवी खाते, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनाही कधीतरी हा खटला संपला असं म्हणता यायला हवं. २६ ऑगस्ट १९९४ ला पुण्यात पौड रस्त्यावर एका घरात सात खून झाले. मृतांत दोन लहान मुलं आणि एक गरोदर स्त्री. फाशी झाली, उच्च न्यायालयाने कायम केली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. पुनर्विलोकन अर्जही गेला. आणि मग २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या एकाला सोडलं, कारण शाळेच्या नोंदीवरून गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता असं सिद्ध झालं. त्या वयाच्या बालगुन्हेगाराला तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्याचे २८ वर्षांहून जास्त गेले होते. अल्पवयाचा मुद्दा कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर, खटला संपल्यावरसुद्धा मांडता येतो असं कायदाच म्हणतो. तिथे घड्याळच काढून टाकलंय. त्या कुटुंबाच्या नातेवाइकांना तो दिवस कसा गेला असेल, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि नाशिक. ५ जून २००३ च्या रात्रीचं दरोडा, बलात्कार आणि खुनांचं प्रकरण. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची जन्मठेप केली. एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही पुन्हा फाशी केली. याच्या वर कोर्ट नाही. पुनर्विलोकनही फेटाळलं गेलं. २०१४ मध्ये घटनापीठाने फाशीच्या प्रकरणांत पुनर्विलोकन खुल्या कोर्टात ऐकायचं ठरवलं, म्हणून हे प्रकरण परत उघडलं. ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्यक्षदर्शी बाईंनी पोलिसांच्या फोटोंमधून आधी भलतीच चार माणसं ओळखली होती आणि तो धागा पोलिसांनी सोडून दिला होता. राज्याने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. सोळा वर्षं भागिले पाच लाख, हिशोब तुम्हीच करा.

म्हणून पुण्याच्या प्रकरणाकडे पाहून 'घड्याळ कडक करा' म्हणणाऱ्याला मी नाशिक वाचायला देतो. मुदत हवी, पण ती बंद माणसाविरुद्ध मोजताना त्याच्या हातात काय होतं तेही मोजायला हवं.

गंमत म्हणजे उशिराची माफी मागणाऱ्यांत सरकारही असतं. निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारला अपील करायला ९० दिवस असतात, आणि उशीर झाला की ठरलेलं कारण: फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जात होती. २०१२ मध्ये टपाल खात्याच्या एका दिवाणी प्रकरणात ४२७ दिवसांचा उशीर सर्वोच्च न्यायालयाने माफ केला नाही. कायदा सरकारला आणि नागरिकाला एकच आहे, असं सुनावलं. टपाल खातं, उशिरा! पण मला तुलना करावीशी वाटते ती अशी: सरकारची फाईल फिरत असते म्हणून उशीर, आणि बंदी माणूस फिरू शकत नाही म्हणून उशीर. दोन्ही 'पुरेसं कारण' याच दोन शब्दांत मोजायचं.

तर नालासोपाऱ्याच्या ताई-दादांसाठी, होस्कोट खटल्यातून निघणारे प्रश्न. तुमच्या माणसाला निकालाची नक्कल मिळाली का, आणि कोणत्या तारखेला? तुरुंगाच्या रजिस्टरमध्ये त्याची सही आहे का? सही असेल तर तारीख लिहून घ्या. नसेल तर तेच तुमच्या अर्जातलं पहिलं कारण. वकील सोडून गेला, पैसे नव्हते, आजारपण होतं, हेही लिहायचं, पण तारखांसकट आणि कागदांसकट. 'काही अडचणींमुळे' असं लिहिलेला अर्ज कोर्ट कसा वाचेल याची कल्पना करा. अपील आणि विलंब माफीचा अर्ज सोबत जातात. तुरुंगातला माणूस स्वतःचं अपील तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हातात देऊ शकतो आणि ते कोर्टाकडे पाठवणं अधिकाऱ्याचं काम आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा मोफत नंबर आहे, आणि कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यांना लिहिलंय तेच इथे सांगतोय. आणि आठ महिन्यांचे नऊ होऊ देऊ नका, कारण आजपासूनच्या प्रत्येक दिवसाचंही कारण द्यावं लागेल.

श्रोत्यांचा तो माणूस ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात आहे. आपल्या भागातले बरेच जण तिथेच जातात, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यापासून वेगळा झाला तरी. आणि हे कारागृह म्हणजे ठाण्याचा किल्ला, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला, वसईच्या दोन वर्षं आधी. किल्ल्याचा तुरुंग कसा झाला, ते पुढच्या भागात. तोवर कुणाला जुन्या ठाण्याचे नकाशे किंवा फोटो मिळाले तर पाठवा.